बोळेबुवा

त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम एक ओला बोळा असायचा. पाटी पुसायचा, चिंधीचा. त्यामुळे कोटाचा तेवढाच भाग काळा पडला होता आणि लांबून पाहिलं तर वाटायचं, या माणसाला खिशाच्या जागी भोक पडलंय. आम्ही त्यांना बोळेबुवा म्हणायचो. त्यांचं खरं नाव हेडमास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा मी नाव ऐकायचं सोडून त्यांच्या चपला बघत होते. एका चपलेचा अंगठा काळा, दुसरीचा तांबडा. दोन वेगळ्या चपला घालून हिंडणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर वेष पालटलेला. मी दुसरं धरून चालले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते आणि भायंदरात माझ्याइतकं हुशार कोणी नाही, याबद्दल माझं आणि माझं एकमत होतं.

लढाईची वर्षं होती. शाळा लोकल बोर्डाची, कौलारू, खाडीकडच्या अंगाला. बोळेबुवा दर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर यायचे. ते लेखक आहेत, मुंबईहून येतात आणि चौथीच्या मुलांना लिहायला शिकवणार आहेत, एवढंच हेडमास्तर म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. लिहायला तर आम्हाला येतच होतं. चार वर्षं दुसरं काय करत होतो?

हा माणूस फुकट येतो, हे गावाला कळलं आणि तिथेच सगळं बिघडलं. पगार घेऊन आला असता तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. हेडमास्तरांना वाटायचं, हा बोर्डाने गुपचूप पाठवलेला तपासनीस आहे, म्हणून गुरुवारी ते धुतलेलं धोतर नेसून यायचे. वाण्याला वाटायचं, हा जमिनी बघायला आलाय. मीठखात्याच्या शिपायाला वाटायचं, हा काँग्रेसचा आहे. आणि आमच्या आगरी आळीला वाटायचं, हा मीठखात्याचाच आहे. म्हणजे शिपाई त्याच्यावर नजर ठेवायचा आणि आम्ही शिपाई त्याच्याकडे बघतोय म्हणून म्हणायचो, बघा, खुणा चालल्यात.

शिकवण्याची तऱ्हा संशय वाढवणारीच होती. पहिल्या गुरुवारी हेडमास्तरांनी आमच्याकडून 'आमचे गाव' हा निबंध घोटून घेतला होता. हिराजी उभा राहिला. हिराजी आमच्या शेजारचा, त्याचे वडील आगरावर मीठ ओढायचे. पाठ केल्यासारखं, किंबहुना पाठच केलेलं, तो म्हणू लागला, "आमचे गाव निसर्गाच्या कुशीत वसले आहे."

"थांब," बोळेबुवा म्हणाले. "कुशीत. डाव्या की उजव्या?"

हिराजीने हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी छताकडे पाहिलं.

"हा निसर्ग राहतो कुठे? खाडीच्या अलीकडे की पलीकडे? तू त्याला पाहिलंयस?"

"न्हाय."

"मग हा शब्द कुठून आणलास?"

हिराजी रडवेला झाला. "गुर्जींनी दिला."

"परत कर त्यांना," बोळेबुवा म्हणाले. "घरी असतील ते घेऊन ये."

"कुठून आणलास?" हे त्यांचं पालुपद होतं. वर्गात पाटी हातात घेऊन प्रत्येक शब्दाची अशी चौकशी करायचे, जणू तो चोरीचा माल आहे. मनोहर, सायंकाळ, आल्हाददायक असे शब्द तर पकडलेच जायचे. एकदा मी 'अथांग सागर' लिहिलं होतं. ते माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "उत्तनला गेली आहेस ना? तिथला समुद्र अथांग असतो का?" मी म्हटलं, "नाही, तिथे घाण वास येतो, बोंबील वाळत घातलेले असतात." म्हणाले, "मग हा अथांग कुठून आणलास?" आणि सगळ्यांत आधी तो शब्द पुसला.

आता गंमत अशी की हेच वाक्य आम्ही रोज संध्याकाळी ऐकत होतो. आगरावरून बाया घरी परतायच्या तेव्हा बांधावर मीठखात्याचा शिपाई उभा असायचा. टोपलीवरचं फडकं काठीने उचलायचा आणि विचारायचा, "हे कुठून आणलं?" शब्द तेच, चालही जवळपास तीच. माझ्यासारख्या चतुर मुलीला आणखी पुरावा कशाला हवा होता?

त्या काळी मिठावर सरकारचा कर होता. खाडीकाठी उन्हाने आपसूक धरलेलं मातकट मीठ घरापुरतं खरवडून आणलं तर कोणी काही म्हणत नसे. पण आगरावर पिकवलेलं, ढिगाला लागलेलं मीठ शेठचं आणि सरकारचं. त्यातलं थोडं जरी घरात सापडलं तरी आगरावरचं काम गेलं म्हणून समजायचं. बाबा आगरावर मुकादम होते. आणि आमच्या चुलीमागे, तिवराच्या फाट्यांच्या, म्हणजे सरपणाच्या, ढिगाखाली, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक रांजण होता. त्यात काय होतं ते सांगायला नको. उत्तनची एक कोळीण सुकी मासळी घेऊन यायची. मासळी खारवायला तिला मीठ हवं असायचं आणि आम्हाला पावसाळ्यासाठी बोंबील. ती आणि आई चुलीपाशी बसून हळू आवाजात बोलायच्या आणि मला कोंबड्या हाकायला बाहेर पाठवायच्या. मी कोंबड्या अशा हाकायची की सगळं ऐकू येईल.

बोळेबुवा यायला लागले तशी आईने मला कणगीआड ओढलं. "त्या बोळ्यावाल्यासमोर घरातलं एक अक्षर काडलंस तर बघ. सरकारी मानूस हाय तो."

"आय, लेखक हायेत ते."

"लेखक हाय तर लिवत का न्हाय? कुनी पायलाय त्याला लिवताना?"

हे मात्र खरं होतं. बोळेबुवांना लिहिताना कोणीच पाहिलं नव्हतं. खडू हातात धरायचे नाहीत. त्यांच्याजवळ कागद नसायचा, टाक नसायचा. कोणतं पुस्तक लिहिलंय, असं हेडमास्तरांनी एकदा आडून विचारलं तर म्हणाले, "एक." पुढे काही नाही. नावही नाही.

माझी पंचाईत अशी झाली की बोळेबुवांचा नियम होता, घरातलंच लिहायचं. आणि आईचा नियम होता, घरातलं लिहायचं नाही. मधल्या मधे मी. घरातलं सोडून काही लिहिलं की बोळेबुवा विचारणार, कुठून आणलंस. घरातलं लिहिलं की आई विचारणार नाही, सरळ मारणार.

न लिहिता गप्प बसले असते तर काहीच झालं नसतं. पण मला त्यांची शाबासकी हवी होती. ते शाबास कधी म्हणायचे नाहीत. पाटी आधी लांब धरायचे, मग डोळ्यांशी आणायचे, मग चक्क तिचा वास घ्यायचे. आणि मग पुसायचे. वाचलेली पाटी पुसायचीच, असा त्यांचा दंडक. लिखाण फालतू असलं तर एका फटक्यात पुसायचे. आवडलं असलं तर सावकाश, ओळीमागून ओळ, कोपऱ्यापासून. त्यांच्या हाताचा वेग हाच आमचा गुणांचा तक्ता. घरी जाताना मुलं एकमेकांना सांगायची, "माझी पाटी किती वेळ पुसत होते बघितलंस?" एका पोराने तर आपली पाटी सावकाश पुसली गेली म्हणून ती दोन दिवस धुतलीच नाही. काय राहिलं होतं तिच्यावर? पाण्याचे डाग.

तर मला ते सावकाश पुसणं हवं होतं. म्हणून मी एक नवीन घर बांधलं. आमच्या घरात मी एका कानाचे आजोबा आणून बसवले. त्यांचा दुसरा कान तिवरांतल्या कोल्ह्याने नेला होता. एक पोपट ठेवला, तो गुजराती बोलायचा आणि वाण्याची नक्कल करायचा. माडीवर एक आत्या ठेवली, ती रुसून वर गेली होती आणि दोरीने टोपली सोडून जेवण वर घ्यायची. आमच्या घराला माडी नव्हती. आजोबा मी जन्मायच्या आधीच वारले होते, दोन्ही कानांसकट. पण दर गुरुवारी मी त्या घरात एक नवीन भानगड उभी करायची आणि बोळेबुवा माझी पाटी इतक्या सावकाश पुसायचे की मागची मुलं कंटाळून भांडायला लागायची. त्या घराबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, कुठून आणलंस. मी फुगले. एवढा मोठा सरकारी हेर आणि एका कानाचा म्हातारा त्याच्या गळी उतरवता येतो, म्हणजे मी काय चीज असेन.

हेर म्हणून त्यांच्यावर पाळत ठेवणंही चालूच होतं. एका गुरुवारी शाळा सुटल्यावर मी बांधाच्या आडून वाकून वाकून त्यांच्या मागे गेले. उघड्या मिठागरात कोणाच्या मागे लपून जाणं म्हणजे ताटावर झुरळाने लपण्यासारखं आहे, पण मला ते तेव्हा सुचलं नाही. ते एका मिठाच्या ढिगापाशी थांबले. वाकून एक खडा उचलला, जिभेला लावला, आणि मग जिथून घेतला तिथेच, अगदी त्याच खळग्यात नीट ठेवून दिला. मागे न बघता म्हणाले, "मी चाटलेलं मीठ सरकारला परत केलंय. लिहून ठेव."

मी बांधाला चिकटून श्वास रोखून बसले. त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने.

तरी मी स्टेशनापर्यंत गेलेच. आणि तिथे जे पाहिलं ते आजपर्यंत मला सुटलेलं नाही. मुंबईहून येतो म्हणणारा हा माणूस मुंबईच्या गाडीत चढला नाही. ती समोरून गेली, हे बाकावर बसून चपला झटकत राहिले. मग उलट्या बाजूची, विरारकडची गाडी आली, तिच्यात बसून गेले. मी धावत घरी येऊन आईला सांगितलं. आई फाट्यांच्या ढिगावर आणखी फाटी रचायला लागली.

मिठाचा गुरुवार सांगायला हवा. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, मिठावर लिहा. पण पांढरं म्हणायचं नाही, खारट म्हणायचं नाही. त्या दोन शब्दांशिवाय मिठाबद्दल बोलता येतं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी लिहिलं, चौकोनी असतं. कोणी लिहिलं, पाण्यात घातलं की जातं. मी घाबरून मिठावर लिहिलंच नाही. आजोबांच्या कानावर लिहिलं. हिराजीने फक्त एक ओळ लिहिली होती. 'बाबांच्या टाचेच्या भेगांत गेलं की बाबा बोलायचे थांबतात.'

ती पाटी बोळेबुवांनी पुसली नाही. हातात बोळा तसाच, त्यातून पाणी ठिबकतंय, आणि ते खिडकीतून आगराकडे बघत उभे. शेवटी पाटी हिराजीला परत दिली आणि म्हणाले, "ही तू पूस. माझ्याच्याने होत नाही."

मला इतका मत्सर वाटला की मी हिराजीशी आठवडाभर बोलले नाही. पाटी सावकाश पुसण्याच्या पुढेही एक पायरी होती आणि ती हिराजीने एका ओळीत गाठली होती.

पुढच्या गुरुवारी मी ईर्ष्येने लिहिलं. आत्या माडीवरून उतरते, आजोबांचा कान सापडतो, पोपट मराठी बोलतो, सगळं एकाच पाटीवर, अक्षरं मुंगीएवढी. बोळेबुवांनी वाचलं, वास घेतला, कोपऱ्यापासून पुसायला लागले. मध्येच थांबले. मग माझ्यापाशी उकिडवे बसले आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या घरी जेवतात का गं?"

"जेवतात."

"काय?"

"भात. कालवण. बोंबील."

"अळणी?"

मी पेन्सिल जमिनीवर घासायला लागले.

"इतके दिवस मी तुझं घर वाचतोय. पोपट आहे, आत्या आहे, कान आहे. मिठाचा खडा नाही. या वर्गातल्या प्रत्येक पाटीवर कधी ना कधी मीठ येऊन गेलं. मिठागराला टेकलेलं घर आणि त्यात मीठच नाही, असं कसं? मला संशय येतो."

ते पुढे म्हणाले, "लपवायचं असलं की सगळंच लपवू नये. थोडं उघड्यावर ठेवावं. बघणाऱ्याला काहीतरी बघायला लागतं. ते दिसलं की तो पुढे जातो. काहीच दिसलं नाही की तो खणायला लागतो." आणि राहिलेली पाटी पुसून दुसऱ्या मुलाकडे गेले.

मी घरी कशी पोचले आठवत नाही. आईला शब्दन् शब्द सांगितला. आई चुलीपुढे बसलीच एकदम. "त्याला कसं कललं?"

"म्या काय पन लिवलं न्हाय गो. आईशपत."

"तेच तो बोलला ना. लिवलं न्हाय म्हनून कललं." मग बराच वेळ ती फाट्यांच्या ढिगाकडे बघत राहिली. ही धमकी आहे की सल्ला, हे तिला ठरवता येईना. धमकी असेल तर रांजण रातोरात हलवायला हवा, आणि तो हलवायचा तर आळीत आवाज होणार. शेवटी उठली, करवंटी घेतली, खाडीवर गेली आणि काठाचं मातकट मीठ खरवडून घेऊन आली. करवंटी चुलीवरच्या फळीवर ठेवली. मागे सरून बघितली. पुन्हा जाऊन जरा पुढे ओढली, आत येणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसेल अशी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शेजारी सांगत बसू नकोस."

शनिवारी सकाळची शाळा सुटून मी आले तर आळीत मीठखात्याचे शिपाई आणि त्यांचे साहेब. साहेबांच्या डोक्यावर टोपी, हातात छडी. घर घर बघत येत होते. आमच्या दारात वाकून आत शिरले. बाबा अंगणात उभे होते, हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. साहेबांची नजर घरभर फिरली आणि फळीवरच्या करवंटीवर थांबली. पुढे होऊन त्यांनी चिमूट उचलली, जिभेला लावली, थू करून टाकली.

"हे कुठून आणलं?"

"खाडीवरून," आई म्हणाली. "आमाला दुसरं कुटलं?"

"माती आहे नुसती."

"धुऊन घेतो, साहेब."

साहेबांनी छडीने फाट्यांचा ढीग टोचला. एकदा. पुन्हा करवंटीकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि बाहेर पडले. ते मातीचं मीठ अजून त्यांच्या जिभेवर असावं.

शेजारी हिराजीच्या घरी फळी मोकळी होती. त्याच्या आईला विचारलं, मीठ कुठाय? ती घाबरून म्हणाली, घरात न्हाय. मग जेवता काय, असं साहेबांनी विचारलं, अगदी बोळेबुवांसारखं, आणि शिपायांना खणायला लावलं. मोरीजवळ मडकं निघालं. ढिगावरचं, शुभ्र, जाड मीठ. आई दाराआडून बघत होती. माझ्या खांद्यावर तिचा हात होता आणि तो हात खांदा चांगलाच दाबत होता.

हिराजीच्या वडिलांचं आगरावरचं काम त्याच दिवशी गेलं.

मग गुरुवार आला. शाळेच्या ओसरीवर आळीतली माणसं उभी होती, बायका कडेला, हिराजीचे वडील पुढे. आळीने हिशेब लावला होता. ज्या पोराच्या पाटीवरचं मीठ ह्याला पुसवलं नाही, त्याच्याच घरी खणलं. आणखी काय पाहिजे? बोळेबुवा बांधावरून आले, त्याच दोन चपला, खिशापाशी तोच काळा डाग. माणसं बघून थांबले, पण वळले नाहीत.

"तुमी कोन?" हिराजीच्या वडिलांनी विचारलं.

"लेखक."

"कशावरनं?"

बोळेबुवांनी विचार केला. खरोखरच विचार केला. वर्गात एखादं पोर उत्तर शोधतं ना, तसा चेहरा झाला. "सांगता येणार नाही," ते म्हणाले.

"पुस्तक दाखवा. लेखकाचं पुस्तक असतंय."

त्यांनी खिसे उलटे केले. एका खिशातून बोळा निघाला, दुसऱ्यातून पेन्सिलींचे तुकडे आणि एक सुका बोंबील. तो का होता, देव जाणे. कोणी हसलं नाही. हेडमास्तर दारातूनच म्हणाले की वर्ग यापुढे बंद ठेवावा लागेल, वरून तसं आलंय. वरून काही आलं नव्हतं, समोरून आलं होतं.

मला सगळं ठाऊक होतं. या माणसाच्या एका वाक्याने आमचं घर वाचलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे फाट्यांखालचं बोलायचं, आणि आईचा हात पुन्हा माझ्या खांद्यावर आला होता. म्हणून मी मला येत होतं ते केलं. मोठ्याने म्हणाले, "मी पाहिलंय ह्यांचं पुस्तक. निळ्या पुठ्ठ्याचं आहे."

सगळे माझ्याकडे वळले. हिराजीचे वडील म्हणाले, "तू पायलंस?" त्यांच्या आवाजात जरा कुठे धरसोड आली होती. अजून एक-दोन वाक्यं नीट पडली असती तर बहुतेक जमलं असतं. कोपरा फाटलेला आहे, आत नाव आहे, असं काहीतरी मी जुळवतच होते.

आणि बोळेबुवा म्हणाले, "निळ्या? निळा कुठून आणलास?"

ते मला पाडायला म्हणाले नाहीत. सवयच होती. सैल शब्द कानावर पडला की त्यांना राहवायचं नाही, मग तो शब्द त्यांचीच मान वाचवायला आलेला का असेना. मी गोंधळले आणि घाईत जे जवळ होतं ते बोलले. "आमच्या आजोबांकडे होतं ते."

"कोनच्या आजोबांकडं?" हिराजीच्या वडिलांनी विचारलं. त्यांनी माझ्या आजोबांना खांदा दिला होता.

"एक कान असलेल्या."

ओसरीवर पहिल्यांदाच हसू फुटलं. आईने माझी वेणी धरली आणि मला मागे ओढलं. मी इतकी लाजले की वर बघवेना, पण बोळेबुवांचा आवाज ऐकू आला. कोणालाच उद्देशून नव्हता. पाटीवरची चूक सांगावी तसे म्हणाले, "निळं नाही."

मग बोळा पिळून, झटकून त्यांनी तो खिडकीत वाळत घातला आणि आले तसे बांधावरून गेले. पुन्हा आले नाहीत. हिराजीचं बिऱ्हाड पुढच्याच महिन्यात जंगलाकडच्या चेण्याला गेलं, त्याच्या वडिलांना तिकडे लाकूडतोडीचं काम मिळालं. बोळा मात्र उन्हाने कडक होऊन कितीतरी दिवस खिडकीतच होता. त्याला हात लावायला कोणी धजलं नाही, हेडमास्तरसुद्धा नाहीत.

मी पुढे शिकले, मास्तरीण झाले, गोष्टींची चार पुस्तकंही झाली माझी. त्यांत एका कानाचे आजोबा येऊन गेले. कुठल्याही ग्रंथालयात गेले की कपाटापुढे उभी राहून निळी पुस्तकं सोडून बाकीची चाळायची खोड मला लागली ती अजून आहे. निळं नाही म्हणाले. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी रंगाचं आहे. की मुळात नाहीच? एवढ्यासाठी मी तांबडी, हिरवी, करडी किती उपसली असतील. अजून संशय जात नाही की त्यातल्या एखाद्यात माझी आत्या माडीवर रुसून बसलेली सापडेल. तो माणूस माझ्या गोष्टींचा चोर असू शकतो, हेही मी कधी विसरलेले नाही.

परवा पूनम सागर वसाहतीतल्या नातीकडे गेले होते. तिच्या मुलीच्या शाळेत एक लेखिकाबाई आल्या होत्या, माइक होता, फुगे होते, मुलांना सह्या दिल्या. मी विचारलं, "कुठून आणलंस, असं विचारलं का गं त्यांनी?" पोर म्हणाली, "नाही पणजी, त्या म्हणाल्या तुम्ही सगळेच लेखक आहात." फुकटच्या माणसाइतकाच फुकटच्या शब्दाचा मला संशय येतो.

स्वराज्य यायच्या जरा आधी मिठावरचा कर गेला. कोणी कुठलंही मीठ कुठेही ठेवावं. आईने रांजण काढला नाही. त्यातच मीठ ठेवायची, वर फाटी रचायची, आणि फळीवर करवंटी असायचीच. शेवटच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा एकदा मी तिला विचारलं, "आय, तो बोळेबुवा कोण असेल गं? धाड येणार हे त्याला ठाऊक होतं म्हणून सांगितलं, की नुसतंच माझ्या निबंधाबद्दल बोलत होता?"

आईने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"दोन चपला दोन रंगाच्या," ती म्हणाली. "खिशात वला बोळा. पाटीचा वास घ्यायचा. आनि ध्यानात काय राहिलं तुझ्या त्याचं?"

"हेच."

"मंग ती त्याची करवंटी," आई म्हणाली आणि कूस बदलली. "आपन ती बगून पुढं गेलो."